अपोप्टोसिसला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरी: केमोची माहितीपुस्तिका मराठीत करतेय, 'अपोप्टोसिस'पाशी अडले. 'पूर्वनियोजित पेशीमृत्यू' असं वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "पूर्वनियोजित? म्हणजे खून का गं?" तिचं काय चुकलं? 'पेशींची आत्महत्या' रुग्णाच्या हातात द्यायला धजवत नाही.

टेकडीवाला: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानं-पाकळ्या गळणं. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली तो पेशीमृत्यूच्या अर्थाने रूढ केला. सरळ 'पेशीगळ' म्हणा, पानगळीसारखं.

जुनीपेठ: पुण्यात 'गळ' म्हटलं की पाइपलाइनच आठवते! शिवाय पान आपोआप गळतं. केमो पेशी मारते ना?

टेकडीवाला: आपोआप नाही हो. वेताळ टेकडीवर मोडून लोंबणारी फांदी बघा. पानं वाळून कुरकुरीत होतात, तरी फांदी सोडत नाहीत. देठाशी जो थर सुटावा लागतो, तो जिवंत फांदीलाच जमतो. पान गळणं हे झाडाचं काम आहे.

लॅबमधली: अगदी! सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध डीएनएला चिकटून त्याचे दुवे जखडतं. नुकसान दुरुस्तीपलीकडे गेलं की पी५३ हे प्रथिन इशारा देतं, मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं, कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशीला आतूनच कातरतात. पेशी आकसते, तिचे तुकडे पडतात, भक्षक पेशी ते गिळून टाकतात. ती फुगून फुटली आणि आसपास दाह झाला, तर तो नेक्रोसिस. म्हणजे तुमचं मोडक्या फांदीवरचं पान. पुष्कळ कर्करोगांत पी५३च बिघडलेलं असतं. मग औषध पोचूनही पेशी दाद देईनाशी होते. म्हणून 'मारते' नको, 'मरायला लावते' म्हणा.

जुनीपेठ: 'आत्महत्येस प्रवृत्त करणे'! कलम लागेल बरं का.

लॅबमधली: 😄 आणि व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं दुसरं औषध येतं ते सदाफुलीतून. नाव सदाफुली, काम पानगळीचं.

भाषांतरी: हे कसं वाटतं? "केमोमुळे गाठीतल्या पेशींची पानगळ सुरू होते. केसांच्या मुळाशी भराभर वाढणाऱ्या पेशीही तिच्यात सापडतात, म्हणून केस गळतात."

जुनीपेठ: पेशींची पानगळ कशी होईल? पानगळ पानांचीच. 'पेशीगळ'च ठेवा. पाइपलाइनचं मी बघतो.