फिनिक्सचे दिवे : ‘सिद्ध झालंय’ म्हणजे नेमकं काय सिद्ध झालंय?

मृगशीर्ष
काल उडत्या तबकड्यांच्या धाग्यावर तर्कट यांनी लिहिलं, “फिनिक्स 1997? ते फ्लेअर होते, केव्हाच सिद्ध झालंय. अजून उगाळणाऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत.” (फ्लेअर म्हणजे विमानातून पॅराशूटला लटकवून सोडलेले पेटते दिवे.) वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

13 मार्च 1997 ला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात दोन घटना घडल्या. रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडून, प्रेस्कॉटच्या बाजूने, ‘व्ही’ आकारातले दिवे आले आणि फिनिक्सवरून टूसॉनकडे गेले. मधले तारे झाकले गेले, आवाज नव्हता, असं अनेकांनी सांगितलं. हेल-बॉप धूमकेतू बघायला त्या दिवसांत लोक अंगणात उभेच असायचे, त्यामुळे साक्षीदारांना तोटा नव्हता. मग दहाच्या सुमारास फिनिक्सच्या नैऋत्येला दिव्यांची रांग दिसली. टीव्हीवर सतत दाखवतात ती चित्रफीत या दुसऱ्या घटनेची. फ्लेअर होते तेही दुसऱ्या घटनेत. पहिल्या घटनेचं काय? फिनिक्सच्या नगरसेविका फ्रान्सिस बारवूड यांनी मे महिन्यात एवढंच विचारलं, तर त्यांची टर उडवली गेली. जूनमध्ये गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन यांनी पत्रकार परिषद घेऊन आपल्याच कर्मचाऱ्याला परग्रहवासीयाचा पोशाख घालून उभं केलं. दहा वर्षांनी, 2007 मध्ये, तेच गृहस्थ म्हणाले की मीही ते पाहिलं होतं. हवाई दलात कॅप्टन राहिलेला माणूस आहे हा. ज्याने स्वतः पाहिलं त्यानेच पाहणाऱ्यांची थट्टा केली, याचा मला संताप येतो.

तर्कट
राजकारण्याच्या शब्दावर तुमचा एवढा विश्वास? त्याच वर्षी फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरून पद सोडावं लागलं त्याला.

मृगशीर्ष
आणि 1999 मध्ये ती शिक्षा रद्द झाली, तेही लिहा की. अर्धंच सांगायची सवय आहे तुम्हाला.

ध्रुवमत्स्य
ताई, दोन घटना वेगळ्या, हे शंभर टक्के बरोबर. पण पहिलीला उत्तर नाही हे मान्य नाही. त्या रात्री फिनिक्स परिसरातल्या एका हौशी आकाशनिरीक्षक तरुणाने दहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण त्या दिव्यांवर लावली होती. त्याला प्रत्येक दिव्याच्या जागी विमान दिसलं. हाताने डॉब्सोनियन फिरवून हलती वस्तू पकडणं किती सोपं असतं, ते मी रोज करतो म्हणून सांगतो. शिवाय आठच्या घटनेचीही एक चित्रफीत आहे. तिच्यात दिव्यांमधलं अंतर बदलत राहतं. सलग एकच वस्तू असती तर ते बदललं नसतं.

वेळेचा हिशेबही बघा. सव्वाआठच्या आसपास प्रेस्कॉट, पावणेनऊच्या आसपास टूसॉन. हवाई अंतर सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे ताशी 600 किलोमीटर. हा जेट विमानाचा वेग आहे. उंचावरून गेलं की तेच सावकाश वाटतं आणि आवाजही खाली येत नाही. काळ्या आकाशात पाच दिवे ठरावीक आकारात दिसले की मधली जागा डोळा आपणच भरून काढतो.

मृगशीर्ष
दुर्बीण एकाची, आणि बाकी शेकडो माणसं खुळी? बरं, विमानं तर विमानं. कुणाची? कोणत्या तळावरची? दहा वाजताच्या फ्लेअरचं नाव-गाव सापडलं ना? मेरीलँड एअर नॅशनल गार्डची ए-10 विमानं, डेव्हिस-मॉन्थन तळावरून उडालेली, गोल्डवॉटर सराव क्षेत्रावर. पण तेही उजेडात आलं जुलैमध्ये. फिनिक्सजवळच्या ल्यूक हवाई तळाने आधी ‘आमचं काही नाही’ म्हणून हात झटकले होते. चार महिने लोकांना वेड्यात काढलं. आठच्या विमानांचं नाव-गाव मला दाखवा, मी गप्प बसते.

सोनोरा
मी फिनिक्समध्येच राहतो. 1997 ला इथे नव्हतो, पण 21 एप्रिल 2008 ला होतो. त्या रात्री शहराच्या उत्तरेला चार लाल दिवे दिसले. कधी चौकोन, कधी त्रिकोण, कधी रांग. आमच्या गल्लीतले सगळे बाहेर आले. शेजारचे आजोबा छातीठोकपणे म्हणाले, “ही एकच वस्तू आहे, कडा दिसतेय मला.” दुसऱ्या दिवशी कळलं की कुणीतरी हीलियमच्या फुग्यांना रस्त्यावर लावायच्या फ्लेअर बांधून सोडल्या होत्या. आजोबा खोटारडे नव्हते. त्यांना कडा दिसली होतीच, पण तिथे ती नव्हती.

आणि दहा वाजताच्या दिव्यांबद्दल. ते एकेक करून विझले याचं लोकांना गूढ वाटतं. नैऋत्येला सिएरा एस्ट्रेला डोंगर आहे. पॅराशूटला लटकलेला फ्लेअर हळूहळू खाली येत डोंगरामागे गेला की ‘विझतो’. दिवसाच्या फोटोवर रात्रीची चित्रफीत ठेवून हे तपासलं गेलंय. रोज तो डोंगर बघतो, मला त्यात शंका उरलेली नाही.

झाडीपट्टी
एवढ्या लांब काहून जाता? 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठला आम्ही सगळे गच्चीवर. आकाशातून पेटते गोळे एका रांगेत, मागे शेपट्या सोडत गेले. आई हात जोडून उभी राहिली. बाबा म्हणाले, “आपल्याच शिवारात पडलं.” जळगावकडच्या मावसभावाचा फोन आला, तो म्हणे आमच्या गावावरून गेलं. मध्य प्रदेशातही तेच.

ध्रुवमत्स्य
माझा मुद्दा याहून चांगला कुणी मांडणार नाही. शेकडो किलोमीटरवरच्या माणसांना एकच वस्तू ‘आपल्या डोक्यावर’ दिसली. चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा टप्पा होता तो, 2021 मध्ये सोडलेल्या रॉकेटचा. अंतर आणि आकार या दोन गोष्टींत रात्री कुणाच्याही डोळ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

झाडीपट्टी
माझ्या बाबांना दाखला बनवू नका. शिवारात नाही, पण तालुक्यात पडलंच! चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. दुसऱ्या गावांत धातूचे गोळे सापडले. कडं पोलीस ठाण्यात नेलं. घरावर पडलं असतं तर? आम्हाला आधी कुणी सांगितलं? तुम्ही इथे डोळ्यांचे भ्रम मोजत बसलात.

जुनाखोड
झाडीपट्टी, अगदी बरोबर. 1979 ला स्कायलॅब पडायची होती तेव्हा मी शाळेत होतो. नासाची 77 टनांची अंतराळ प्रयोगशाळा. रेडिओवर रोज बातमी. आमच्याकडे लोकांनी पेरणी टाकून बोकडं कापली, मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणत. 11 जुलैला तिचे तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. तिथल्या एस्परन्स गावाने कचरा केला म्हणून नासाला 400 डॉलर दंड ठोकला. भीती जास्त होती, पण निदान माहिती होती. 2022 ला माहितीच नाही.

तर्कट
अवांतर. पडण्याची नेमकी जागा आधी सांगताच येत नाही. वातावरणाची घनता सूर्यामुळे बदलते, काही मिनिटं पुढे-मागे झाली की हजारो किलोमीटरचा फरक. कुणाला सांगायचं, अख्ख्या पृथ्वीला?

झाडीपट्टी
अवांतर तुमच्यासाठी. मुंबईत गिरगावात कडं पडलं असतं तर चार धागे निघाले असते. आमच्या भागात वाघ माणूस नेतो तेव्हाही आतल्या पानावर बातमी.

जुनाखोड
1972 चा आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या देशाने सोडलं त्याने जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई द्यायची. 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॉसमॉस 954 कॅनडात पडला, तेव्हा त्यांनी 30 लाख कॅनेडियन डॉलर दिले.

तर्कट
लाडबोरीत कुणी दगावलं नाही, मग भरपाई कशाची मागायची?

झाडीपट्टी
म्हणजे कुणी मरेपर्यंत थांबायचं? लाज वाटू द्या थोडी.

सोनोरा
दोघेही जरा दमाने घ्या. तर्कट, ‘लाज’ शब्द त्यांनी टाळायला हवा होता, पण तुमचा प्रश्नही कोडगा होता.

ध्रुवमत्स्य
झाडीपट्टी, बाबांबद्दल तसं म्हणायचं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते खरं, अंतराचा अंदाज चुकला, इतकंच.

मृगशीर्ष
माझा धागा सिंदेवाहीला गेला याचं मला वाईट वाटत नाही, कारण फरक तिथेच दिसतो. 2022 ला काही तासांत खगोलतज्ज्ञांनी रॉकेटचं नाव सांगितलं, गावात कडं सापडलं, हाताला लागेल असा पुरावा मिळाला. ध्रुवमत्स्य, तुमचा वेगाचा हिशेब मी नकाशावर पडताळला. बसतो. दुर्बिणीची साक्षही वजनदार आहे, नाइलाजाने मान्य. पण पाच जेट विमानं एका राज्याच्या राजधानीवरून रचना करून गेली आणि आजवर एकाही तुकडीने ‘आम्ही होतो’ म्हटलं नाही, हे तुम्हाला खटकत नाही?

ध्रुवमत्स्य
खटकतं. त्याच वेळी नोंदवह्या मागवल्या असत्या तर आज हा धागा नसता. बारवूडबाईंचा प्रश्न रास्त होता, एवढं मी मानतो. त्यापुढे जाऊन ती विमानं नव्हतीच असं म्हणणार नाही.

तर्कट
फ्लेअर फक्त दहा वाजताचे, एवढी दुरुस्ती घ्या माझ्या कालच्या प्रतिसादात. आठची विमानं होती. मत तेच.

मृगशीर्ष
मत ठेवा. ‘सिद्ध झालंय’ काढा.

झाडीपट्टी
आणि जुनाखोड, त्या 1972 च्या करारावर वेगळा धागा काढा. मी येतो.