वॉलायच्या ट्रोलिंगसाठी रीळ आणि दोरी कोणती घ्यावी?

दारणाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझे थोरले बंधू ओहायो राज्यात क्लीव्हलंडजवळ स्थायिक आहेत आणि येत्या जुलैत मी महिनाभर त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांनी नुकतीच अठरा फुटी बोट घेतली असून ईरी सरोवरात वॉलाय या माशासाठी ट्रोलिंग करण्याचे, म्हणजे बोट संथ चालू ठेवून मागे नकली मासे ओढत नेण्याचे, मनावर घेतले आहे. लहानपणी दारणेच्या काठावर गळ टाकण्यात मीच पुढे असे, म्हणून चार काठ्यांसाठी रिळे आणि दोरी निवडण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. वास्तविक माझे ज्ञान तंगूस, शिशाचा गोळा आणि गांडूळ यांपलीकडे जात नाही. मरळ आणि रोहू यांनी त्याहून अधिक काही कधी मागितलेही नाही.

तिकडच्या एका दुकानदाराने बंधूंना चारही रिळांवर ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी भरण्याचा सल्ला दिला आहे. तो योग्य आहे का? किती फूट दोरी सुटली ते दाखवणारे लाइन काउंटर रीळ खरोखर लागते, की तो केवळ हौसेचा खर्च आहे? एका रिळामागे शंभर डॉलरच्या आसपास खर्च करण्याची त्यांची तयारी आहे. दिवाळीत आलेला पुतण्या त्यांचे एक जुने लाइन काउंटर रीळ माझ्याकडे ठेवून गेला आहे. त्यावर जुना तंगूस अर्धामुर्धाच उरला आहे.

माजी_ओहायोकर (कॉलेज रोड)

मी त्या भागात अकरा वर्षे होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ईरी सरोवराचा पश्चिमेकडचा भाग उथळ आहे, त्याची सरासरी खोली २४ फुटांच्या आसपास भरते; क्लीव्हलंडसमोरचा मधला भाग मात्र सरासरी ६० फूट खोल आहे. उन्हाळा चढला की मोठे वॉलाय पश्चिमेकडून या मधल्या भागाकडे सरकतात आणि तळाला न बसता मधल्याच एखाद्या थरात तरंगत राहतात. आपल्याकडे गळ तळाला टेकला की काम झाले, तिथे तसे नाही. मासे ३५ फुटांवर असतील आणि तुमचे आमिष ५० फुटांवरून जात असेल तर दिवसभर फक्त डिझेल किंवा पेट्रोल जळते. आमिष किती खोल जाईल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: सुटलेली दोरी, दोरीची जाडी आणि बोटीचा वेग. क्रँकबेट, म्हणजे ओढला की पाण्यात डुबणारा नकली मासा, ओढताना ताशी दीड ते अडीच मैल, गांडुळाची माळ ओढताना त्याहूनही कमी, असा वेग ठेवतात. वेग यंत्रावर दिसतो, जाडी डबीवर छापलेली असते. दोरीची लांबी कळण्यासाठी काउंटर हवा, म्हणून तो हौसेचा खर्च नाही.

माझी पहिल्या वर्षीची चूक सांगतो. जुन्या बाजारातून मी चार वेगवेगळ्या बनावटीची रिळे गोळा केली होती. एके दिवशी डावीकडच्या एकाच काठीला मागोमाग मासे लागू लागले, तेव्हा तिचा काउंटर १२० दाखवत होता. उरलेल्या तिन्ही काठ्या मी १२० वर आणल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांना काही शिवले नाही. चारही रिळांचे १२० निरनिराळे होते. म्हणून माझा आग्रह एवढाच की रीळ महागडे नसले तरी चालेल, पण जोडी एकसारखी असावी. ओकुमाचे कोल्ड वॉटर तुमच्या खर्चाच्या आसपास बसेल. शिमानोचे टेकोटा उत्तम आहे, पण त्याच्या किमतीत एकाऐवजी दोन रिळे येतात. कोणत्याही कंपनीचे घेतले तरी लहान आकाराचेच घ्या, सामनची अवजड रिळे वॉलायसाठी नकोत.

दोरीबाबत दुकानदाराचे अर्धेच पटते. ज्या दोन काठ्यांना प्लेनर बोर्ड लावून आमिष बोटीपासून बाजूला न्यायचे, त्यांवर दहा पौंडी (दहा पौंडांचा ताण सोसणारा) मोनो, म्हणजे आपला तंगूसच, भरावा. तो बोर्डाच्या चिमट्यात घट्ट बसतो, ब्रेडेड दोरी त्यातून घसरते. शिवाय क्रँकबेट किती खोल जाते याचे तिकडचे प्रचलित तक्ते दहा पौंडी मोनोवर मोजलेले आहेत. उरलेल्या दोन काठ्यांना डायव्हर, म्हणजे पाण्याच्या दाबाने आमिष खाली नेणारी तबकडी, लावणार असाल तर तिथे तीस पौंडी ब्रेडेड योग्य. ती ताणली जात नाही, त्यामुळे हिसका देऊन तबकडी सोडवता येते. शिशाच्या गाभ्याची लेडकोअर दोरीही चालते आणि दर दहा यार्डांवर तिचा रंग बदलतो, परंतु ती जागा फार खाते आणि मोठे रीळ मागते. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये.

येवल्याचा_पतंगी

मासेमारीत मी नवखाच आहे, पण काउंटर का फसवतो हे येवलेकराला लगेच समजावे. आसारी, म्हणजे पतंगाची फिरकी, मांज्याने गच्च भरलेली असताना एका फेऱ्यात जेवढा धागा सुटतो, तेवढा ती निम्मी रिकामी झाल्यावर सुटत नाही. या रिळांचा काउंटर दोरी मोजत नाही, तो फेरे मोजतो आणि रीळ भरलेले आहे असे गृहीत धरून फूट दाखवतो. भरलेल्या गुंडाळीचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्याला सुमारे १५.७ सेंटिमीटर दोरी सुटते. व्यास ४ वर आला की १२.६. म्हणजे काउंटर १०० म्हणेल तेव्हा पाण्यात दोरी ८० फूटच असेल. दारणाकाठ यांनी ते अर्धे रिकामे रीळ मैदानावर नेऊन मोजून पाहावे.

गोदाघाट

काउंटरविना लोक मासे धरत नव्हते का? दोरी सारखी पसरवणारा जो सरकता दांडा रिळावर असतो, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत किती फूट दोरी सुटते हे एकदा मोजून ठेवावे आणि पुढे दांड्याच्या खेपा मोजाव्यात. साधे रीळ निम्म्या किमतीत येते. दुसरे असे की ब्रेडेड दोरीला लवचिकपणा नसतो, चालत्या बोटीवर मासा अडकला की गळ ओठ फाडून निघतो. मी तर चारही काठ्यांवर तंगूसच भरला असता.

माजी_ओहायोकर

गोदाघाट, खेपा मोजण्याची रीत खरी आहे आणि मीही ती वापरली आहे. पण वॉलायच्या डोळ्यात मांजरासारखा चमकता पडदा असतो, तो मंद उजेडात शिकार करतो, म्हणून उत्तम वेळ पुष्कळदा तिन्हीसांजेनंतरची असते. अंधारात, दोन काठ्या एकदम वाकलेल्या असताना, सात खेपा झाल्या की आठ हे कोणाला आठवते? ओठ फाटण्याचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर उपाय म्हणजे मऊ, सावकाश वाकणारी काठी आणि ढिला ठेवलेला ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. मासा लागल्यावर रिळाने थोडी दोरी सोडलीच पाहिजे.

दारणाकाठ

आज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर जाऊन मोजणी केली. गवंड्याकडून शंभर फुटी टेप आणली, दोरीचे टोक कडुनिंबाला बांधले आणि काउंटर शून्यावर आणून मागे मागे चालत गेलो. फिरायला आलेल्या दोन गृहस्थांनी, जमिनीची मोजणी निघाली आहे का, अशी काळजीने चौकशी केली. काउंटरवर १०० आले तेव्हा टेपवर ७९ फूट होते. आता प्रश्न असा की ब्रेडेड दोरी इतकी बारीक आहे की तिने रीळ काठोकाठ भरायला अख्खी डबी संपेल. खाली दुसरे काही भरावे का?

येवल्याचा_पतंगी

खाली जुना तंगूस भरा, पण अंदाजाने भरलात तर फसाल. दोन सारखी रिळे असतील तर आधी पहिल्यावर चांगली दोरी हवी तेवढी भरावी, तिच्यावर तंगूस चढवून रीळ काठोकाठ करावे, मग सगळे उलटे दुसऱ्या रिळावर घ्यावे. तंगूस आपोआप तळाशी जातो आणि भरणी तंतोतंत होते.

माजी_ओहायोकर

अगदी बरोबर. तंगूस तळाशी हवाच, नाहीतर ताण येताच ब्रेडेड दोरी नुसत्या रिळावर गरगर फिरते. दोरी ओल्या फडक्यातून, ताणून भरावी. सैल भरलेली दोरी मासा ओढू लागला की स्वतःच्याच थरांत रुतते. बंधूंकडे पोहोचल्यावर चारही रिळे अशीच मैदानावर मोजा, जो फरक निघेल तो पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून त्या त्या रिळाला लावा आणि परवाना पाण्यात उतरण्यापूर्वी काढा. परराज्यातल्यांचा आणि पाहुण्यांचा वेगळा असतो.

दारणाकाठ

जुने रीळ तंगूस काठोकाठ भरून पुन्हा मोजले. काउंटर १००, टेप ९८. बंधूंना चार सारखी रिळे, दोनांसाठी मोनो आणि दोनांसाठी ब्रेडेड, अशी यादी आजच कळवतो. टेप गवंड्याला परत केली आहे, तिकडे गेल्यावर दुसरी शोधावी लागेल.