बॉन्ड घातला की सोशल वर्कर टिकतात?

काटेरी_निवडुंग
काल दुसऱ्या धाग्यावर ध्रुव५१ यांनी अमेरिकेतल्या सीपीएसबद्दल (मुलांच्या छळाच्या, दुर्लक्षाच्या तक्रारी तपासणारं सरकारी खातं) लिहिलं: “तिथे माणसं टिकत नाहीत कारण ती त्या विषयात शिकलेलीच नसतात. सगळ्यांना एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) सक्तीचं करा, सरकारी खर्चाने शिकवा, बदल्यात पाच वर्षांचा बॉन्ड घ्या. प्रश्न मिटला.”

मिटला म्हणे! तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते मूळ धाग्यापेक्षा लांब व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा.

पहिली गोष्ट, ही कल्पना नवी नाही. टायटल फोर-ई ही बालकल्याणासाठी केंद्राच्या पैशाची तरतूद १९८० पासून आहे. प्रशिक्षणाच्या खर्चातला ७५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. मी त्याच पैशावर शिकले. कॅलिफोर्नियात माझ्या वेळी वर्षाला १८,५०० डॉलर स्टायपेंड होता. जितकी वर्षं पैसे घ्याल तितकी वर्षं काउंटीत (तिथल्या जिल्ह्याच्या खात्यात) नोकरी, नाहीतर पैसे परत. आमच्या बॅचने बॉन्ड इमानदारीत फेडला आणि फेडल्याबरोबर निम्मी बॅच हॉस्पिटलं, शाळा आणि खासगी थेरपीत पांगली. तारीख सगळ्यांना पाठ होती.

का गेले? वर्गात दोन वर्षं शिकलो की कुटुंबाशी विश्वासाचं नातं कसं जोडायचं. नोकरीत दिवस जायचा कोर्ट रिपोर्टात, कम्प्युटरमधल्या नोंदींत आणि मुलांना आईवडिलांच्या भेटीला गाडीतून ने-आण करण्यात. चाइल्ड वेल्फेअर लीग या बालकल्याण संस्थेची शिफारस आहे माणशी १२ ते १५ मुलं. २००३ चा जीएओचा (अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाज तपासणारी संस्था) अहवाल काढून बघा, प्रत्यक्षातला केसलोड, म्हणजे एका वर्करकडची मुलं, १० पासून ११० पर्यंत गेलेला दिसेल. माझी पहिली सुपरवायझर दर आठवड्याला तासभर दार लावून बसायची माझ्याबरोबर. रिमूव्हल करून, म्हणजे मूल घरातून काढून, आलेल्या दिवशी तर फोन बंद करून. ती होती तोवर सगळं निभलं. तिच्या जागी जे आले त्यांना फक्त मुदतीच्या रकान्यात खूण हवी असायची. मग मीही निघाले. माझी पदवी काही त्या मधल्या काळात कमी झाली नव्हती.

ध्रुव५१
ताई, माझं वाक्य उचलल्याबद्दल आभार, पण उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. बॉन्ड होता म्हणून तेवढी वर्षं त्या काउंटीला शिकलेलं माणूस मिळालं. तोच जीएओ अहवाल पुढे सांगतो की वर्कर सरासरी दोन वर्षंही टिकत नाही. मी पाच वर्षं म्हटलं ते उगाच नाही.

आणि शिक्षणाचा मुद्दा तुम्ही सोयीस्करपणे टाळलात. अनेक राज्यांत कुठलीही पदवी चालते. मूल आईपासून तोडायचं की नाही हे ठरवणारा माणूस कालपर्यंत मार्केटिंग शिकत होता, हे तुम्हाला चालतं? ऑपरेशन करायला असा कुणी आला तर चालेल?

साळुंकी
पाच वर्षांचा बॉन्ड! महाराष्ट्रात एमबीबीएसच्या एका वर्षाच्या बॉन्डचं काय झालं ते बघितलंच आहे. ज्याच्याकडे दहा लाख होते तो भरून मोकळा, ज्याच्याकडे नव्हते तो सरकारी आरोग्य केंद्रात तोंड पाडून बसलेला. तोंड पाडून बसलेला माणूस मुलांच्या कामाला हवाय का तुम्हाला?

आकडेमोड
भावनेचा पूर चाललाय, थोडा आकडा टाकतो. मिलवॉकीत २००३-०४ मध्ये फोस्टर केअरमध्ये (घरातून काढून तात्पुरत्या पालकांकडे) आलेल्या मुलांचा अभ्यास झाला. ज्यांना एकच वर्कर मिळाला त्यांच्यातल्या ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं. दोन वर्कर झाले की १७.५ टक्के. माणूस बदलला की मूल लटकतं. तेव्हा कुठल्याही मार्गाने का होईना, माणूस टिकवा. बॉन्ड तर बॉन्ड.

काटेरी_निवडुंग
हा आकडा प्रत्येक ट्रेनिंगमध्ये दाखवतात, आणि प्रत्येक वेळी मला एकच विचारावंसं वाटतं. ज्या मुलाची केस मुळातच अवघड, ते जास्त काळ सिस्टीममध्ये राहणार. जास्त काळ राहिलं की त्याला जास्त वर्कर भेटणारच. मग वर्कर बदलल्यामुळे मूल अडकलं की मूल अडकल्यामुळे वर्कर बदलले? थोडं दोन्ही असेल, पण ७४ वरून १७ हा सगळा फरक वर्करच्या माथी मारू नका.

आकडेमोड
बरं, निम्मा मागे घेतो. उरलेला निम्माही पुरेसा भयानक आहे.

परदेशी_पांथस्थ
स्पष्ट बोलू का? ही माणसं टिकत नाहीत तेच बरं आहे. टिकवायची कशाला, आपली पोरं उचलून न्यायला? नॉर्वेचं २०११ चं प्रकरण विसरलात? एका भारतीय जोडप्याची दोन मुलं काढून घेतली, आईवडील म्हणत होते हाताने भरवलं म्हणून. जर्मनीत तर २०२१ मध्ये एक भारतीय मुलगी काढून घेतली, ती वर्षानुवर्षं अडकली. अमेरिकेत आमच्या ओळखीत सगळे मुलांना शिकवून ठेवतात, शाळेत घरातलं काही बोलायचं नाही.

निशिगंध
अहो, काय हे! नॉर्वे, जर्मनी आणि अमेरिका एकाच पातेल्यात? मुलांना “शाळेत बोलू नका” शिकवणं किती घातक आहे कळतंय का? ज्या मुलाला खरंच कुणी हात लावत असेल त्याचंही तोंड तुम्ही बंद करताय.

परदेशी_पांथस्थ
तुम्ही डिपार्टमेंटच्या पगारावर आहात वाटतं.

निशिगंध
पगारावर नाही, अंगावर आलेलं आहे. माझा मुलगा वर्गात म्हणाला, “आजीने मारलं.” टीचरने हॉटलाइनला फोन केला. तिला तो करावाच लागतो, १९७४ च्या कापटा या बालछळ प्रतिबंधक कायद्यानंतर प्रत्येक राज्यात तसा नियम आहे. पहिली बाई आली, शांत होती, मुलाशी एकटीने बोलली, सासूबाईंशी दुभाष्यामार्फत. मला वाटलं संपलं. पुढे फोन आला की ती नोकरी सोडून गेली, आता फाइल माझ्याकडे. नवा वर्कर आला, तेच प्रश्न पहिल्यापासून. माझा मुलगा रडायला लागला, “मी खोटं बोललो असं वाटतं का तुम्हाला?” मग तो वर्करही दुसऱ्या युनिटला गेला. शेवटचं पत्र आलं ते तिसऱ्याच व्यक्तीच्या सहीने, “आरोपात तथ्य आढळले नाही.” मला त्रास वर्कर आल्याचा नाही झाला, तो सारखा बदलल्याचा झाला. तेव्हा “टिकत नाहीत तेच बरं” म्हणू नका.

परदेशी_पांथस्थ
तुमची केस बंद झाली म्हणून तुम्ही शहाणपण शिकवताय. ज्यांची झाली नाही त्यांना विचारा.

काटेरी_निवडुंग
विचारा ना, जरूर विचारा. पण जास्त मुलं कुणाची काढली जातात ते आधी बघा. लोकसंख्येच्या मानाने कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन मुलं कितीतरी जास्त. मूळ अमेरिकन मुलांसाठी १९७८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आशियाई मुलांचं प्रमाण उलट कमी आहे. आणि बहुतेक केसेस मारहाणीच्या नसतात, दुर्लक्षाच्या असतात. त्यात गरिबी किती आणि दुर्लक्ष किती हे ओळखायला अनुभव लागतो. वर्षभरात पळणाऱ्या माणसाकडे तो कुठून येणार? घाबरलेला नवा वर्करच आधी मूल काढतो आणि मग विचार करतो. तुमची भीती खरी मानली तर तुम्हालाच जुने वर्कर हवेत!

ध्रुव५१
धागा शिक्षणाचा आणि टिकण्याचा होता ना? की वकिली सुरू झाली?

साळुंकी
तुम्हीच पेटवलाय, आता धूर लागतोय म्हणून ओरडू नका.

ध्रुव५१
ठीक. मग “घाबरलेला” यावर बोलू. लॉस एंजेलिस काउंटीत २०१३ मध्ये आठ वर्षांचा मुलगा मारहाणीत गेला. आधी तक्रारी येऊनही त्याला घरातच ठेवलं होतं. २०१६ मध्ये दोन वर्कर आणि दोन सुपरवायझर यांच्यावर फौजदारी खटला झाला. लक्षात घ्या, सुपरवायझरसुद्धा. तुमच्या दार लावून बसणाऱ्या सुपरवायझरने तिथे काय केलं असतं? म्हणून म्हणतो, पाया शिक्षणाचाच हवा.

काटेरी_निवडुंग
खटल्याचा शेवट पण सांगा ना. २०२० मध्ये अपील कोर्टाच्या आदेशानंतर आरोप रद्द झाले. मधली चार वर्षं प्रत्येक काउंटीतला वर्कर रात्री जागून नोंदी भरत होता, उद्या कोर्टात दाखवता याव्यात म्हणून. त्या काळात मुलांकडे बघायला वेळ किती उरला असेल? आणि त्या खटल्यातून बाहेर पडायला कुणाला कुठली पदवी उपयोगी पडली?

निशिगंध
पगाराबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्या टेक्ससमध्ये २०१६ च्या डिसेंबरात फ्रंटलाइनच्या, म्हणजे थेट कुटुंबांकडे जाणाऱ्या, लोकांना वर्षाला १२,००० डॉलर वाढवून दिले, शिवाय शेकडो नवी माणसं घेतली. त्यानंतर गळती कमी झाली. बॉन्ड न घालता.

ध्रुव५१
नवी माणसं घेतली म्हणजे केसलोडही कमी झाला. मग पगाराचा परिणाम की केसलोडचा? ताईंनी आकडेमोड यांना जो न्याय लावला तोच लावतो.

काटेरी_निवडुंग
लावा. दोन्हीतलं काहीही निघालं तरी बॉन्ड निघत नाही.

ध्रुव५१
बरं बाई, चांगल्या सुपरवायझरमुळे माणूस टिकतो हे मान्य. म्हणजे फोर-ईचा पैसा आधी सुपरवायझर तयार करायला वापरा. आणि त्यांनाही एमएसडब्ल्यू सक्तीचं करा. (हे मी सोडणार नाही.)

कोवळी_पालवी
पहिल्यांदाच लिहितेय. ग्रीन कार्ड आहे, एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळालाय आणि फोर-ई स्टायपेंडचा फॉर्म भरायचाय. हा धागा वाचून पोटात गोळा आला. भरू की नको?

ध्रुव५१
भरा. आणि बॉन्ड संपला म्हणून दुसऱ्या दिवशी पळू नका.

काटेरी_निवडुंग
भर. कर्ज न होता शिकशील, फील्ड प्लेसमेंटमध्ये (शिकतानाच्या प्रत्यक्ष कामात) काम आतून दिसेल. फक्त काउंटी निवडताना मुलाखतीत तूही प्रश्न विचार: माझी सुपरवायझर कोण, ती या युनिटमध्ये किती वर्षं आहे, तिच्या हाताखाली किती जण, आणि नव्या माणसाला पहिल्या महिन्यांत किती केसेस देता. थेरपीसाठीच्या क्लिनिकल लायसन्सला लागणारे ३,००० तास इथल्या कामात मोजले जातात का हेही लेखी घे. सगळ्या पदांवर मोजत नाहीत. उत्तर द्यायला कुणी आढेवेढे घेतले तर पुढची काउंटी बघ.

परदेशी_पांथस्थ
आणि मराठी घरात गेलीस तर चपला बाहेर काढ. तेवढ्याने अर्धी भीती जाते लोकांची.

निशिगंध
चला, पांथस्थांनी वर्करला घरात तरी घेतलं!