मुलीला पियानो आवडतो पण प्रॅक्टिस नको असते, काय करावं?

निवांतबाबा:
नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची आहे, पियानोचं दुसरं वर्ष चालू आहे. क्लास तिने स्वतः हट्ट करून लावून घेतला, आम्ही दोघंही संगीतात ढ, त्यामुळे आमच्याकडून जबरदस्तीचा प्रश्नच नव्हता. पहिलं वर्ष मजेत गेलं. आता मात्र प्रॅक्टिस म्हटलं की हिला आधी तहान लागते, मग पाठ दुखते, मग पेन्सिल सापडत नाही, आणि कशीबशी बसली की तो एकच पीस पहिल्यापासून सुरू करते, जरा पुढे गेली की अडखळते, "थांब थांब थांब" म्हणते (कोणाला ते देव जाणे), परत पहिल्यापासून, परत तिथेच अडखळते आणि उठून जाते. तीच मुलगी संध्याकाळी कार्टूनचं टायटल गाणं नुसतं कानाने शोधत अर्धा अर्धा तास बसलेली असते, तेव्हा पाठबिठ काही दुखत नाही.

टीचर म्हणतात घरी प्रॅक्टिस कमी पडतेय. आणि गंमत म्हणजे घरी जेवढं वाजतं तेवढंही क्लासला गेल्यावर वाजत नाही. रोज किती वेळ बसवावं? रागवावं का? का काही महिने सरळ बंद ठेवावं? बायको म्हणते बंद करू, माझं अजून काही ठरत नाहीये म्हणून इथे विचारतोय.

गडबडगुंडा:
भिंतीवर चार्ट लावा, वीस मिनिटं झाली की एक स्टार, दहा स्टार झाले की बक्षीस. आमच्याकडे चाललं.

ठोकताळा:
@गडबडगुंडा, स्टारचं प्रकरण दोन आठवडे झकास चालतं हो. नंतर आमचे चिरंजीव घड्याळाकडे बघत वाजवायला लागले, वीस मिनिटं झाली की सूर अर्धवट असला तरी हात वर. वेळ मोजली की वेळच मिळते. त्यापेक्षा काम सांगा, "आज एवढे दोन बार, म्हणजे लिहिलेल्या सुरांत उभ्या रेषांमधले दोन तुकडे, न थांबता आले की सुटी". पाच मिनिटांत आलं तर पाच मिनिटांत सुटी, खरंच सोडायचं, "अजून थोडं कर ना" अजिबात म्हणायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी मूल मुद्दाम रेंगाळतं.

दोनहाती:
मी लहान मुलांना पियानो शिकवते म्हणून जरा खोदून विचारते. एक, कुठला पीस आहे आणि नेमकी कुठे अडते? "जरा पुढे गेली की" नाही, बार सांगा. दोन, घरी काय वाद्य आहे, खरा पियानो, डिजिटल का साधा कीबोर्ड? तीन, ती बसते कशी, पाय जमिनीला टेकतात का?

कंटाळा, आळस, लक्ष नसणं हे सगळं आई-बाबा सांगतात ते बरोबरच असतं, पण त्याच्या मागे बहुतेक वेळा एक बारीक अडचण असते आणि ती मुलाला शब्दांत सांगता येत नाही. मूल म्हणणार "पाठ दुखते". कधी कधी खरंच दुखत असते!

निवांतबाबा:
@दोनहाती, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं जी मेजरमधलं मिन्युएट, म्हणजे जुन्या नाचाच्या चालीचा छोटा पीस. मी आज शेजारी उभं राहून बघितलं, चौथा बार. दर वेळी चौथाच. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, अभ्यासाच्या टेबलावर ठेवलेला. खुर्ची नेहमीची. पाय लोंबकळतात, टेकत नाहीत, हे मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

दोनहाती:
चौथा बार ना, वाटलंच होतं.

तिथे काय आहे सांगते म्हणजे तुम्हालाही दिसेल. तिसऱ्या बारमध्ये उजवा हात सूर चढत चढत वर जातो, चौथ्या बारच्या पहिल्या ठोक्याला वरच्या जी वर (जी हे सुराचं नाव) करंगळी पोचते आणि लगेच पुढचा सूर थेट खालचा जी, म्हणजे अख्खं सप्तक खाली, अंगठ्याने. पियानोवर या दोन जी मधलं अंतर साधारण साडेसोळा सेंटीमीटर भरतं. मोठ्या माणसाचा पंजा तेवढा सहज ताणला जातो, नऊ वर्षांच्या बऱ्याच मुलांचा जात नाही. मग मूल काय करतं, करंगळी वरच धरून ठेवतं आणि अंगठा ताणून ताणून खाली न्यायला बघतं, मनगट कडक होतं, अंगठा पडतो शेजारच्या पट्टीवर, आणि सूर चुकला की "थांब थांब". तिथे ताणायचंच नसतं, करंगळी सोडायची आणि अख्खा हात उचलून खाली न्यायचा. मोठ्यांना हे इतकं आपोआप होतं की सांगायचं राहूनच जातं. डाव्या हाताला त्या बारमध्ये एकच लांब सूर आहे, त्याची भानगड नाही.

तर आता पहिल्यापासून वाजवणं चक्क बंद. फक्त ते दोन सूर, वरचा जी, खालचा जी, सावकाश, उडी मारल्यासारखे, चुकलं तर हसायचं आणि परत. मग डोळे मिटून, मुलांना हे भयंकर आवडतं. मग तिसऱ्या बारपासून सुरू करून चौथ्याच्या पहिल्या सुरावर थांबायचं. मग चौथ्यापासून पुढे. सगळं जोडायचं ते शेवटी. पहिल्यापासून वाजवणाऱ्या मुलांचे पहिले तीन बार शंभरदा वाजून गुळगुळीत होतात आणि शेवटची ओळ अनोळखीच राहते, म्हणून मी नवीन पीस पुष्कळदा शेवटच्या चार बारपासून शिकवते आणि मागे मागे येते. मग वाजवताना मूल अवघडाकडून ओळखीच्या भागाकडे जातं, शेवट जवळ आला की जीव घाबरा होत नाही.

बोटांचे नंबरही बघा, अंगठा १ आणि करंगळी ५, दोन्ही हातांना तसंच. रोज वेगळ्या बोटांनी वाजवलं तर हाताच्या लक्षात काय राहणार? टीचरनी लिहिलेल्या नंबरांत तिच्या हाताला एखादं जमतच नसेल तर त्यांना विचारून बदला आणि मग तेच पक्कं.

बसण्याचं म्हणाल तर कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर यायला हवं. अभ्यासाचं टेबल, त्याच्यावर कीबोर्ड, म्हणजे पट्ट्या जवळजवळ छातीशी येत असणार, मग खांदे वर उचलूनच वाजवावं लागतं. खुर्चीवर काहीतरी टणक ठेवून तिला वर घ्या, मऊ उशी नको, आणि पायाखाली भक्कम आधार द्या. पाय लोंबकळले की मूल तोल हातांवर घेतं, बोटं मोकळी राहत नाहीत. पाठदुखी इथूनच.

आणि क्लासला का वाजत नाही. क्लासमध्ये खरा पियानो आहे ना? साध्या कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर असते, नुसता स्पर्श पुरतो. खऱ्या पियानोत पट्टीच्या मागे लाकडी यंत्रणा आणि हातोडी असते, पट्टी खाली जायला साधारण पन्नास ग्रॅमच्या आसपास भार लागतो आणि ती सेंटीमीटरभर खाली जाते. घरी पळणारी बोटं तिथे रुततात, काही सूर वाजतच नाहीत. टीचरना वाटतं प्रॅक्टिस केली नाही, पोरीला वाटतं आपण वाईट वाजवतो. दोघींना एकदा बसून हे सांगा.

पोटमाळा:
माफ करा पण राहवत नाही, ते मिन्युएट बाखचं नाहीये ☺ बाखने बायकोसाठी, ॲना माग्डालेनासाठी, १७२५ मध्ये जी वही सुरू केली त्यात ते उतरवलेलं आहे, रचना क्रिस्टियन पेट्झोल्ड नावाच्या ड्रेस्डेनच्या ऑर्गनवादकाची. वहीत नाव नव्हतं म्हणून बरीच वर्षं बाखच्या नावावर खपलं. पोरीला सांगा, क्लासमध्ये भाव खाईल.

मधलासी:
माझी बाजू जरा वेगळी आहे. मला लहानपणी बरीच वर्षं पियानो लावला होता, ग्रेडच्या परीक्षा दिल्या, मार्क चांगले. वर्षाला तेच तीन पीस, वर्षभर. मोठा झाल्यावर इतका कंटाळा की बरीच वर्षं वाद्याला हात लावला नाही. त्या सगळ्या काळात "तुला काय वाजवायचंय" असं एकदाही कोणी विचारलं नाही. तुमची मुलगी कार्टूनचं गाणं कानाने शोधते त्याला तुम्ही प्रॅक्टिसमध्ये धरतच नाही आहात आणि माझ्या मते तिथेच ती सगळ्यात जास्त शिकतेय. टीचरना सांगा, तेच गाणं घ्या, डाव्या हाताला सी, एफ आणि जी या तीन कॉर्ड (तीन-तीन सूर एकदम दाबायचे) शिकवा, बऱ्याच सोप्या गाण्यांचं तेवढ्यात भागतं. मग तेच गाणं दुसऱ्या सुरापासून सुरू करून दाखव म्हणा, की काळ्या पट्ट्या कुठे लागतात ते तिचं तिलाच सापडेल.

अजून एक, तुम्ही दोघं ढ आहात म्हणालात तर हे करून बघा. फक्त काळ्या पट्ट्या, पांढरीला हात लावायचा नाही. तुम्ही खाली एकच काळी पट्टी सावकाश ठोक्यात वाजवत रहा, ती वर मनाला येईल ते. काळ्या पाच सुरांत एकमेकांना चिकटून, कानाला टोचणारी जोडीच नाही, त्यामुळे काहीही वाजवलं तरी बरं लागतं. आपण लगेच कलाकार!

दोनहाती:
@मधलासी, कानाने वाजवण्याबद्दल पूर्ण सहमत, पण एक धोका असतो. कान तयार असलेली मुलं टीचरनी एकदा वाजवून दाखवलं की पाठ करून टाकतात आणि नोटेशनकडे बघतच नाहीत, मग पीस लांब झाले की अडतात आणि तेव्हा वय वाढलेलं असतं, पहिल्या पुस्तकापासून वाचायला लाज वाटते. म्हणून दोन्ही चालू ठेवायचं. आणि वाचायला सोपंच द्यायचं, तिच्या पातळीच्या दोन पायऱ्या खालचं, रोज नवीन. मुलं पुस्तकं वाचायला लागतात तेव्हा आपण एकच अवघड धडा वर्षभर वाचायला लावत नाही ना. बार्टोक या हंगेरियन संगीतकाराच्या मिक्रोकोस्मोस या पियानो शिकण्याच्या पुस्तकमालेत १५३ तुकडे आहेत, सहा भागांत, पहिले दोन भाग त्याने स्वतःच्या मुलाला, पेटरला अर्पण केलेत, आणि सुरुवातीला दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात, एक-एक ओळीचे तुकडे. चुकलं तर चुकलं, उद्या दुसरा.

सुरांखाली ए बी सी लिहून देऊ नका हां, डोळे अक्षरंच वाचतात. त्यापेक्षा तीन खुणा पक्क्या करा. नोटेशनच्या पाच रेषांच्या सुरुवातीला एक खूण असते, तिला क्लेफ म्हणतात, वरच्या सुरांची ट्रेबल आणि खालच्यांची बास. ट्रेबल क्लेफचं वेटोळं ज्या रेषेभोवती फिरतं, खालून दुसरी, ती जी. बास क्लेफचे दोन ठिपके ज्या रेषेच्या वर-खाली असतात ती एफ. आणि दोन्हींच्या मधोमध एकट्या छोट्या रेषेवर बसतो तो मिडल सी. बाकीचे सूर तिथून मोजायचे, रेषेवरून लगतच्या जागेत गेलं की शेजारची पट्टी, रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलं की मधली एक सोडून. हे तुम्हीही तिच्याबरोबर शिका, एका संध्याकाळचं काम आहे.

झुळूक२:
यावरून आठवलं, आमच्याकडे उलटा क्लास चालतो. क्लासहून आलं की लेक मला शिकवते. मी मुद्दाम नाही, खरोखरच चुकते, आणि ती "मनगट खाली आई, मनगट खाली" करत बसते. टीचरचा आवाज काढून. तिला स्वतःला काय येत नाही तेही तिला तेव्हाच कळतं.

गडबडगुंडा:
@दोनहाती, मग रोज किती वेळ ते सांगाल का? त्यांचा मूळ प्रश्न तो होता.

दोनहाती:
या वयाला दहा-दहा मिनिटं दोनदा, सलग चाळीस मिनिटांपेक्षा कितीतरी बरी. सकाळी दहा मिनिटं ती अवघड जागा, संध्याकाळी दहा मिनिटं सोपं वाचन, आणि त्याच्या पुढे कार्टूनचं गाणं वाटेल तेवढं. बंद करायचं म्हणाल तर आत्ता तरी नको, जी मुलगी आपणहून अर्धा तास वाद्यापाशी बसते तिला पियानो नकोसा झालेला नाही. आधी खुर्ची आणि चौथा बार बघा, तरीही महिना-दोन महिन्यांनी तीच रड असेल तर सोडा, त्यात काही पाप नाही.

निवांतबाबा:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कीबोर्ड टेबलावरून काढून स्टँडवर खाली आणला, पायाखाली जुन्या जाड पुस्तकांचा गठ्ठा बांधून ठेवलाय. दोन जी ची उडी आवडलीय, डोळे मिटून मारते आणि चुकली की मलाच ओरडते. पेट्झोल्डचं टीचरना जाऊन सांगितलं, त्यांना माहीत होतं त्यामुळे भाव फार मिळाला नाही.

अजून पहिल्यापासून वाजवायची खोड आहेच, मी "चौथ्यापासून" म्हटलं की "बाबा तुम्हाला काही कळत नाही" असं ऐकावं लागतं. बायको सध्या बंद करण्याचा विषय काढत नाहीये. आता प्रश्न कीबोर्डचा, बदलायचा झाला तर काय बघायचं? खरा पियानो ठेवायला जागा नाही.

दोनहाती:
पट्ट्या ८८ आणि हॅमर ॲक्शन, म्हणजे वजन असलेल्या. जोरात दाबलं तर मोठा आवाज, हळू दाबलं तर लहान, हे त्यात असतंच, पण दुकानात स्वतः वाजवून खात्री करा, तुम्हाला वाजवता येत नसलं तरी एवढं कळतं. एक पेडल सोबत घ्या, हलणारं चपटं नको, खऱ्यासारखं भक्कम. शेकडो आवाज, तालांचे बटण, दिवे यांच्यावर पैसे घालवू नका. हेडफोनची सोय असते, शेजाऱ्यांची काळजी नाही. जुना मिळाला तर प्रत्येक पट्टी एकेक दाबून बघा, मधल्याच सगळ्यात जास्त झिजलेल्या असतात. आणि लेकीला बरोबर न्या, चौथा बार तिथेच वाजवून बघू दे.