‘निःस्वार्थी’ हा शब्द कोशात कशाला ठेवलाय?

मूळ प्रश्न, वर्तकनगर, ठाणे

माझी भाची अकरावीत आहे. यंदा ती बारावीच्या एका दृष्टिहीन मुलाची लेखनिक म्हणून बसली. अर्थशास्त्राच्या पेपरला तो भराभर सांगत होता आणि एका उत्तरात म्हणाला, "किंमत वाढली की मागणी वाढते." हिचं पेन थांबलं, कारण किंमत वाढली की मागणी घटते. त्याला ते जाणवलं असावं. "लिहिलंस?" त्याने विचारलं. लेखनिकाने सांगितलेलं तेवढंच लिहायचं असतं. तिने लिहिलं आणि "हो" म्हणाली. घरी आली ती तोंड पाडूनच, धड जेवलीही नाही.

रात्री तिचे बाबा समजूत घालायला गेले. "अगं, तुला बरं वाटतं म्हणूनच करतेस ना हे? मग त्यात एवढं काय लावून घ्यायचं? माणूस शेवटी स्वार्थीच असतो. कुणाचा स्वार्थ पैशाचा, कुणाचा समाधानाचा." अगदी मायेने बोलले ते. पण तिने मला फोन लावला. "मावशी, बाबा म्हणतात ते खरं असेल तर ‘निःस्वार्थी’ हा शब्द कोशात कशाला ठेवलाय?"

मी तिला सांगितलं, दोन दिवस दे. मला स्वतःला वाटतं ते असं.

‘स्वार्थ’ हा शब्द जन्मतः वाईट नाही. व्याकरणात आपण सगळे तो शिकलोय: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘मुलं शाळेत गेली’ हे स्वार्थी क्रियापद, आणि त्यात त्या मुलांना कुणी नावं ठेवत नाही. अर्थ म्हणजे हेतू, अर्थ म्हणजे धन, अर्थ म्हणजे शब्दाचा आशयसुद्धा. स्वतःचा हेतू तो स्वार्थ, एवढंच मूळचं. दोष दाखवायचा असेल तेव्हा मराठीकडे दुसरे खणखणीत शब्द आहेत: अप्पलपोटा, आपमतलबी, मतलबी. रोजच्या बोलण्यात मात्र ‘स्वार्थी’ला या सगळ्यांचा रंग लागलाय. मेहुण्यांच्या वाक्याची मेख इथेच आहे. शब्द वापरायचा मूळच्या रुंद अर्थाने आणि डंख मात्र अप्पलपोट्याचा ठेवायचा. ‘ज्याला जे हवं ते तो करतो’ हे तर उघडच आहे. त्यावरून ‘प्रत्येक जण अप्पलपोटा आहे’ हे कसं निघतं?

जाणकारांनी सांगावं. ‘निःस्वार्थी’ हे रूप बरोबर की ‘निःस्वार्थ’, तेही सांगा.

प्रतिसाद, नौपाडा

आधी रूपाबद्दल. निःस्वार्थ हेच विशेषण आहे, ज्यात स्वार्थ नाही ते. त्याला पुन्हा ‘ई’ जोडायचं कारण नाही. निरपराध असताना आपण निरपराधी म्हणतो, निर्दोष असताना निर्दोषी, तसंच हे. पण बोलण्यात ‘निःस्वार्थी’ इतका रुळलाय की मी तरी तो खोडणार नाही. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करतात, तो मात्र टाळा.

आता अर्थ. तुमचे मेहुणे जे म्हणाले ते जुनं आहे. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सची (1588–1679) एक गोष्ट चरित्रकार जॉन ऑब्रीने लिहून ठेवली आहे. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर हॉब्सने एका जर्जर म्हाताऱ्याला भीक घातली. सोबतच्या धर्मोपदेशकाने विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिली असतीत का? हॉब्स म्हणाला, हो, कारण त्याची अवस्था बघून मला त्रास होत होता, आणि त्याला दिल्याने मलाही हलकं वाटलं.

याच हॉब्सच्या काळात इकडे देहूला तुकोबा म्हणत होते, "बुडतां हे जन न देखवे डोळां । येतो कळवळा म्हणऊनि ॥" हीही ‘मला बघवत नाही’ अशीच कबुली आहे. पण तुकोबा त्याला स्वार्थ म्हणत नाहीत, कळवळा म्हणतात. दोघांच्या पोटात एकच कालवाकालव झाली असेल, पण नाव वेगळं पडल्याबरोबर पुढचा सगळा विचार बदलतो.

प्रतिसाद, वाशी

माझं किराणा मालाचं दुकान आहे आणि पहाटे मार्केट यार्डात जावं लागतं. मी माल आणतो तो पोटासाठी, कुणावर उपकार म्हणून नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने 1776 मध्ये हेच लिहिलं, खाटीक आणि पाववाला यांच्या दयेवर आपलं जेवण अवलंबून नसतं. पण त्याच स्मिथने 1759 च्या पुस्तकाची सुरुवातच अशी केली आहे की माणूस कितीही स्वार्थी माना, दुसऱ्याचं बरं व्हावं असं वाटण्याजोगं काहीतरी त्याच्या स्वभावात असतंच. हे दुसरं वाक्य कुणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

प्रतिसाद, कळवा

लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणारा "जरा सरकून घ्या" म्हणतो आणि तिघं सरकतात. याला परोपकार म्हटलं तर लाज वाटेल, आणि स्वार्थ तर तो नाहीच. याला शब्द काय?

मूळ प्रश्नकर्ती

कळव्याच्या प्रश्नाचं उत्तर संस्कृत कवी भर्तृहरीत सापडेल असं वाटतं. नीतिशतकात त्याने माणसं चार प्रकारची सांगितली आहेत. स्वार्थ सोडून परार्थ साधणारे ते सत्पुरुष. ‘स्वार्थाविरोधेन’, म्हणजे स्वतःचं नुकसान न होऊ देता दुसऱ्यासाठी झटणारे ते सामान्य. स्वतःसाठी दुसऱ्याचं हित मोडणारे मानुषराक्षस. आणि काही कारण नसताना दुसऱ्याचं वाटोळं करणारे? त्यांना काय म्हणावं, "के न जानीमहे", आम्हाला ठाऊक नाही. टिळकांनी गीतारहस्याच्या (1915) चौथ्या प्रकरणात हॉब्सचा समाचार घेताना हा श्लोक आणलाय. मला त्यातला दुसरा प्रकार फार मोलाचा वाटतो. सरकून घेणारे ते तिघं त्यातले, वाशीचे दुकानदारही त्यातलेच. आपण बहुतेक जण तिथेच राहतो, आणि नेमका त्याच जागेला रोजच्या मराठीत सुटसुटीत शब्द नाही. एका टोकाला ‘आधी पोटोबा मग विठोबा’, दुसऱ्या टोकाला ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’. मधल्या माणसाला म्हणच नाही.

‘हित’ हा शब्द मात्र त्या जागेच्या जवळ जातो. "आपुलिया हिता जो असे जागता । धन्य मातापिता तयाचिया ॥" असं तुकोबा म्हणतात तेव्हा ते अप्पलपोटेपणाची शिफारस करत नसतात. स्वहित बघणारा कौतुकाचा धनी आणि स्वार्थ बघणारा टीकेचा, ही भाषेने केलेली वाटणी मला शहाणपणाची वाटते. ‘परार्थ’ऐवजी ‘परमार्थ’ लिहिण्याची चूक अलीकडे फार दिसते, तीही टाळायला हवी. परमार्थाची जोडी प्रपंचाशी आहे.

राहिला समाधानाचा मुद्दा. जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने 1726 मध्ये छापलेल्या प्रवचनांत हॉब्सच्या मताला उत्तर दिलंय. त्याचं म्हणणं मी भाचीला माझ्या भाषेत असं सांगितलं: लेकीचा ताप उतरला की आईला गाढ झोप लागते, पण ती रात्रभर जागली ती त्या झोपेसाठी नाही. आधी लेक बरी व्हायला हवी असते, म्हणून तर नंतरची झोप गोड लागते. लेकीचं काहीच वाटत नसतं तर ताप उतरल्याचं समाधान आलं असतं कुठून? समाधान मिळतं हे खरं. त्यासाठीच केलं, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आणि तिला तर समाधान मिळालंच नव्हतं. काम चोख झालं होतं, नियम पाळला होता, शाबासकीही मिळाली होती. तिला खुपत होते ते त्याचे गेलेले गुण.

प्रतिसाद, नौपाडा

मग ‘कळवळा’ची व्याख्याच घ्या, तुकोबांनीच केलेली: "लेकुराचे हित । वाहे माऊलीचे चित्त ॥ ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती ॥" हित, कळवळा आणि ‘लाभाविण’, तिन्ही शब्द एका जागी आले. माझ्या मते ‘निःस्वार्थ’चा नेमका मराठी प्रतिशब्द ‘लाभाविण’ हाच आहे. स्वतःचं काहीच नसावं अशी त्याची अट नाही. लाभावर नजर नसली की झालं.

मूळ प्रश्नकर्ती

हे मी तिला जसंच्या तसं पाठवलं. तिने दोन वेळा वाचलं म्हणाली. मग विचारलं, "म्हणजे मी चूक दुरुस्त केली असती तर तो कळवळा झाला असता का?" मी म्हटलं, तो पेपर त्याचा होता. दुरुस्त केलं असतंस तर बरं तुला वाटलं असतं आणि उत्तर त्याचं राहिलं नसतं. यावर ती बराच वेळ गप्प होती. पुढचा पेपर सोमवारी आहे, तिने त्याला वेळ कळवून टाकली आहे.