मदत हवी आहे: कापलेल्या, उलटवलेल्या फोटोंचे हॅश कसे नोंदवायचे?

संमतीशिवाय पसरलेले खासगी फोटो रोखण्यासाठी स्टॉपएनसीआयआय या ऑनलाइन सेवेवर नोंद करायची आहे. फोटो फोनमध्येच राहतो, पुढे जातो तो फक्त हॅश (फोटोवरून काढलेला अंकी ठसा; साइट्स तो आपल्याकडच्या फोटोंशी जुळवून पाहतात), इथवर ठीक. अडचण पुढे आहे. फोटोंसाठी वापरला जाणारा पीडीक्यू या प्रकारचा हॅश २५६ बिटांचा; फोटो लहान केला किंवा त्याची क्वालिटी उतरवली तरी तो फारसा बदलत नाही. पण डावं-उजवं उलटवलं, किंवा चेहरा कापून नुसतं धड ठेवलं (क्लिकवर कमावणाऱ्यांना विकायला तेवढंच पुरतं), की जुळणी फसते. मग सापडेल त्या प्रत्येक कॉपीचा हॅश वेगळा द्यावा, की मूळ फोटो आधीच उलटवून, कापून नोंदवावा? आणि सर्च इंजिनला काढायची विनंती करताना पानाची लिंक पुरते, की चित्राचीही वेगळी द्यावी?