मदत हवी आहे - सिडनीत आई-अप्पांना फेरीबोटीने टारोंगा झू दाखवायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही साताऱ्याचे, पुढच्या महिन्यात आई-अप्पांना घेऊन भावाकडे सिडनीला चाललोय. भाऊ पॅरामाटाला राहतो पण त्या दिवशी त्याला सुट्टी नाहीये, त्यामुळे सगळं मलाच बघायचंय. सर्क्युलर की या सिडनीतल्या बोटींच्या धक्क्यावरून फेरी घेतली की साधारण बारा मिनिटांत झूच्या धक्क्यावर उतरतो, ओपल कार्ड (तिथलं बस-फेरीच्या तिकिटाचं कार्ड) किंवा आपलं बँकेचं कार्ड टॅप केलं की झालं, एवढं कळलंय. झू 1916 पासून त्याच टेकडीवर आहे आणि सगळा चढ-उतार, म्हणून धक्क्यावरून बसने वरच्या गेटला जायचं आणि जनावरं बघत बघत खाली उतरायचं असं ठरवलंय. पण आईचे गुडघे खूप दुखतात, आणि उतार तर चढापेक्षा जास्त त्रास देतो, अजिंक्यताऱ्यावरून खाली येताना दर वळणावर कठड्याला धरून बसते ती. तर आत व्हीलचेअर मिळते का, आधी बुक करावी लागते का, आणि त्या उतारावर एकट्या माणसाला ढकलणं जमतं का?

दुसरं, बामणोलीच्या लाँचमध्येपण तिला मळमळतं, तर फेरीत आत खाली बसवू की बाहेर वाऱ्याला? आणि दशम्या-चटणीचा डबा आत नेऊ देतात ना? आई बाहेरचं काहीच खात नाही. अप्पांना जिराफामागे ऑपेरा हाऊस दिसतं तो फोटो हवाच आहे, त्यासाठी सकाळी जावं की दुपारी? वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.